व्यायाम सुरू करून बारा दिवस झाले आणि वजन दीड किलो वाढलं, याचा अर्थ काय?

शहापूर_पहाट

नमस्कार मंडळी. वय ४१, उंची १६८ सेंटीमीटर. बारा दिवसांपूर्वी, सोमवारी, व्यायाम सुरू केला तेव्हा वजन ८२.४ किलो होतं. आज ८३.९ आहे. उतरायचं सोडून वाढूलालंय की ओ!

रोज सकाळी बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर ४५ मिनिटं भरभर चालणं. सोमवार, बुधवार, शुक्रवार घरी २० बैठकांचे तीन सेट, १० जोरांचे तीन सेट आणि ५ किलोच्या डंबेल्सनी खांदे-दंड. मांड्या अशा आंबल्यात की जिना उतरताना कठडा धरावा लागतो.

दुपारी दोन ज्वारीच्या भाकऱ्या, भाजी, आमटी, वाटीभर भात. रात्री तेच, फक्त भात नाही. संध्याकाळची भजी आणि वडापाव बंद केलाय. भूक लागली तर पापड भाजून घेतो, नाहीतर भडंग.

नोंदी अशा: ८२.४, ८२.६, ८३.३, ८३.६, ८३.१, ८३.८, ८४.६ (रविवारी रात्री लग्नाहून आल्यावर), ८४.०, ८३.४, ८३.७, ८३.५, ८३.९. काही सकाळच्या आहेत, काही रात्रीच्या. बायकोनंही माझ्याबरोबरच सुरू केलंय. तिचं ६३.२ वरून ६४.३ झालंय आणि ती आता सोडून द्यायच्या विचारात आहे.

मैदानावर एकजण म्हणाले, चरबीचं मसल होतंय, म्हणून वाढतंय. दुसरे म्हणाले, पाणी कमी प्या. जेवण अजून कमी करू का? खरं काय ते कुणीतरी नीट सांगा.

फिजिओ_अनगोळ

अण्णा, आधी चरबीचा हिशेब करून टाकू, म्हणजे धास्ती जाईल. एक किलो चरबी अंगावर चढायला साधारण ७,७०० कॅलरी जादा खाव्या लागतात. दीड किलोला झाल्या ११,५५०. बारा दिवसांत भागल्या तर रोजच्या साडेनऊशेच्या वर. ५० ग्रॅम पिठाच्या भाकरीत अंदाजे १७० कॅलरी असतात. म्हणजे शरीराला लागतं ते सगळं पोटात गेल्यावर त्याच्याही वर रोज साडेपाच भाकऱ्या, बारा दिवस न चुकता खाल्ल्या असत्या तर ही चरबी असती. तुम्ही लिहिलेलं जेवण बघता तसं काही झालेलं नाही.

मसलचं म्हणाल तर तेही नाही. चरबीचं स्नायूत रूपांतर होत नाही. दोन्ही पेशी वेगळ्या, एकीची दुसरी बनत नाही. नव्यानं व्यायाम करणाऱ्या पुरुषाचे स्नायू, खाणं आणि झोप सगळं जमून आलं तरी, महिन्याला अर्धा ते एक किलोच्या पुढं सहसा वाढत नाहीत. तुमच्या वयाला अर्ध्याच्या आसपास धरा. सुरुवातीच्या आठवड्यांत जोर वाढतो तो मुख्यतः मज्जातंतू आणि स्नायूंचा ताळमेळ सुधारल्यामुळं.

मग वाढलं काय? पाणी. आणि ते तीन ठिकाणी वाढलंय.

पहिलं ठिकाण ग्लायकोजेन. भात-भाकरीतली साखर स्नायू आणि यकृत ज्या रूपात साठवून ठेवतात ते ग्लायकोजेन. मोठ्या माणसाच्या स्नायूंत साधारण चारशे-पाचशे ग्रॅम आणि यकृतात शंभरेक ग्रॅम मावतं. रोज चालणं, बैठका सुरू झाल्या की स्नायू आपलं कोठार मोठं करतात. कारण उद्या परत लागणार हे त्यांना कळतं. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलं जातं. साठा शंभर-सव्वाशे ग्रॅमनं वाढला तरी काट्यावर चारशे-पाचशे ग्रॅम दिसतात. हे पाणी कामाचं आहे, ते घालवायचं नसतं.

दुसरं ठिकाण तुमच्या मांड्या. आपल्याकडं म्हणतात ना, ‘मांड्या भरून आल्या’, ते शब्दशः खरं आहे. सवय नसलेल्या कामानं स्नायूच्या धाग्यांना बारीक इजा होते, दुरुस्तीसाठी तिथं रक्तपुरवठा वाढतो, पेशी येतात, त्यांच्याबरोबर पाणी येतं. ही इजा जास्त करून स्नायू ताणला जात असताना भार पेलला की होते. बैठकीत वर उठताना नाही, खाली जाताना. राजहंसगड चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या उतरल्यामुळं. तुम्हाला जिना चढताना नाही, उतरताना कठडा लागतो, त्याचंही कारण हेच. दुखणं २४ ते ७२ तासांत सगळ्यांत जास्त असतं आणि पाच-सात दिवसांत जातं. सूज मात्र दुखणं ओसरू लागल्यावरही काही दिवस रेंगाळते.

तिसरं ठिकाण रक्त. अंगात पाचेक लिटर रक्त, त्यात तीनेक लिटर प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ, पाण्यासारखा भाग. नियमित चालायला लागलं की पहिल्या एक-दोन आठवड्यांत मूत्रपिंडं थोडं जास्त मीठ आणि पाणी राखून ठेवतात आणि प्लाझ्मा दहाएक टक्क्यांनी वाढतो. तीनशे मिलिलिटर धरा. हृदयाला त्याच कामासाठी कमी ठोके मारावे लागतात, घाम लवकर आणि चांगला सुटतो. चालण्याचा पहिला फायदा हाच, आणि तो काट्यावर ‘वाढलं’ म्हणून दिसतो.

तिन्ही मिळून सव्वा किलोच्या आसपास जातं. राहिलेला पाव किलो तुमच्या ‘काही सकाळच्या, काही रात्रीच्या’ नोंदींमध्ये आहे.

आता एक चूक सांगतो, राग मानू नका. पहिल्याच दिवशी ६० बैठका जास्त झाल्या. ८–१० च्या दोन सेटपासून सुरुवात करायची, खाली जायला तीन सेकंद घ्यायचे, आणि दर आठवड्याला एकूण आठ-दहा बैठका वाढवायच्या. एकदा आंबून बरा झालेला स्नायू त्याच कामाला पुढच्या वेळी फारच कमी आंबतो, म्हणून आता थांबू नका. फक्त या आठवड्यात सेट तीनाचे दोन करा. मांड्या दाबल्यावर दुखतात तोवर बैठका मारू नका, चालणं मात्र चालू ठेवा.

आणि हे तालमीच्या ईर्ष्येनं एका दमात पाचशे बैठका मारणाऱ्या पोरांसाठी. बैठकांनंतर मांड्या दगडासारख्या कडक झाल्या, हात लावू देत नाहीत आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर दवाखाना त्याच दिवशी. स्नायू फुटून त्यातला रंगद्रव्याचा भाग मूत्रपिंडात अडकतो. त्याला घरी उपाय नाही.

निपाणीची_अक्का

वरचं सगळं बरोबर, पण पापड आणि भडंग वाचून लिहावंसं वाटलं. भजी सोडून पापड धरलात म्हणजे तेल कमी केलंत आणि मीठ वाढवलंत.

मिठाचा हिशेब सलाईनच्या बाटलीवरून लक्षात ठेवा. एक लिटर सलाईनमध्ये ९ ग्रॅम मीठ असतं, कारण रक्ताच्या खारटपणाशी ते जुळतं. म्हणजे जेवणातून ९ ग्रॅम मीठ जादा आलं तर ते बाहेर जाईपर्यंत शरीर त्याच्यासाठी लिटरभर पाणी धरून ठेवतं. मीठ खाल्ल्यावर तहान लागते, पाणी प्यायलं जातं, आणि काटा चढतो. मूत्रपिंडं चांगली असतील तर एक ते तीन दिवसांत ते निघून जातं. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. त्यात भाजी, आमटी, भाकरीच्या पिठातलं, सगळं आलं.

आपल्या भागातल्या ताटात मीठ लपलेलं असतं. तेलातल्या लोणच्यात वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढं तरी मीठ घालावंच लागतं, नाहीतर टिकत नाही. दोन चमचे, म्हणजे २० ग्रॅम लोणचं घेतलं की २ ग्रॅम मीठ झालं. खर्डा, लसणीची चटणी, शेंगाचटणी, सांडगे, ताकातली मिरची, कांदा-लसूण मसाला, सगळ्यांत ते आहे. मसाल्यात आधीच मीठ असतं, ते विसरून भाजीत परत नेहमीएवढं घातलं जातं. पापडात मीठ आणि वर पापडखार, त्यातही सोडियमच. लग्नातल्या एका जेवणात ५ ग्रॅम जादा मीठ सहज होतं, त्याचं अर्धा लिटर पाणी. त्यात दोन पंगतींचं अन्न आतड्यात. तुमच्या ८४.६ चं आणि दुसऱ्या दिवशीच्या ८४.० चं एवढंच कारण.

उपाय सोपा. डब्यात हात घालून मीठ घालायचं बंद करा. घरात चार माणसं असतील तर सकाळी चार सपाट चमचे मीठ एका वाटीत काढा आणि दिवसभराचा सगळा स्वयंपाक त्यातच. पहिल्या दिवशी दुपारीच वाटी रिकामी होईल, तिथंच कळेल आजवर किती जात होतं. काही आठवड्यांत जीभ सरावते. लोणचं-पापड दोन्ही एका जेवणात नको. मधल्या भुकेला मूठभर भाजलेले फुटाणे, काकडी, किंवा बिनमिठाचं ताक जिरे घालून.

पाणी मात्र कमी करू नका. पाणी कमी केलं की शरीर आहे तेच घट्ट धरून बसतं, शिवाय बद्धकोष्ठ होतं आणि काटा आणखीच चढतो.

एक आमच्याकडचं. व्यायामाबरोबर कुणी बिडी, सिगारेट किंवा तंबाखू सोडली असेल तर त्याचंही वजन वाढतं. सिगारेट सोडणाऱ्यांचं वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वाढलेलं दिसतं, कारण निकोटीन भूक मारतं आणि शरीराचा खर्च थोडा वाढवतं. ते गेलं की दोन्ही जागेवर येतात. म्हणून परत तंबाखूकडं वळायचं नाही. सोडल्याचा फायदा त्या चार किलोंच्या कितीतरी पटीनं मोठा आहे.

काटा_काम

वजनकाट्यांचं काम करतो म्हणून फक्त काट्याबद्दल.

घरगुती काचेच्या डिजिटल काट्याला खाली चार पाय असतात. प्रत्येक पायात वाकणारी पट्टी असते आणि ती किती वाकली यावरून वजन कळतं. चारही पाय टणक, सपाट जमिनीवर टेकले तरच बेरीज बरोबर येते. चटईवर, सतरंजीवर, रबरी मॅटवर काटा ठेवला की काचेचा मधला भाग किंवा कडा खाली टेकते आणि काही भार पायांना चुकवून जातो. खडबडीत शहाबादीवर एक पाय अधांतरी राहतो. काट्याचे चारही कोपरे बोटानं एकेक दाबून बघा. डुगडुगला तर ती जागा बदला. एक चांगली फरशी ठरवा, खडूनं खूण करा आणि काटा तिथून हलवू नका. हलवलाच तर आधी पायानं टोचून चालू करा, शून्य येऊन बंद होऊ द्या, मग चढा. पुष्कळ काटे हलवल्यावर पहिल्या वेळी जुनंच शून्य धरून चुकीचा आकडा देतात.

बरोबर आहे का ते असं तपासा: आधी नुसतं स्वतःचं वजन, मग सीलबंद ५ किलोची तांदळाची पिशवी घेऊन. फरक ४.९ ते ५.१ आला तर काटा ठीक. तुमचे ५ किलोचे डंबेल यासाठी वापरू नका, ओतकामात ते बरेचदा शे-दोनशे ग्रॅम इकडंतिकडं असतात.

काही काट्यांत आठवण असते. मागच्या आकड्याच्या दोन-तीनशे ग्रॅमच्या आत आलं तर तोच आकडा परत दाखवतात, म्हणजे गिऱ्हाइकाला काटा एकदम पक्का वाटतो. लागोपाठ तीन दिवस दशांशासकट तोच आकडा आला तर संशय घ्या. तांदळाची पिशवी घेऊन एकदा चढा, उतरा, मग नुसतं चढा. आणि बॅटरी उतरली की आकडा भरकटतो. ‘लो’ अक्षरं दिसायची वाट बघू नका.

चरबीचे टक्के दाखवणारा काटा असेल तर तो आकडा रोज बघायचा नाही. तळपायातून बारीक वीज सोडून ती किती अडते यावरून तो अंदाज बांधतो. पाय ओले, कोरडे, अंगात पाणी कमी-जास्त, एवढ्यानंही टक्के हलतात.

शहापूर_पहाट

काटा बाथरूमबाहेरच्या पायपुसण्यावर होता! उचलून स्वयंपाकघरातल्या फरशीवर ठेवला, तर एका तासात ८३.९ चे ८४.३ झाले. मग कुठला खरा?

काटा_काम

फरशीवरचा. पण मग जुने बाराही आकडे तुलनेला निरुपयोगी. त्यांतले चढ-उतार साधारण कळतात, ‘वाढलं किती’ हे कळत नाही. आजपासून नवी वही.

वडगाव_आखाडा

मध्येच विचारतो. आमच्या तालमीत कुस्तीच्या आधी पोरं स्वेटर घालून, वर प्लास्टिक गुंडाळून पळतात, दोन किलो उतरतात. तसं महिन्यातून एकदा केलं तर चालेल का? आणि एकादशीला वजन किलोभर कमी दिसतं, ते तरी खरं असतं का?

फिजिओ_अनगोळ

दोन्हीत चरबी गेलेली नसते, काका. पळण्याआधी आणि पळल्यानंतर अंग पुसून वजन करा. जेवढा फरक तेवढा घाम. एक किलो म्हणजे एक लिटर. पाणी प्यायलं की परत येतो, यायलाच हवा. प्लास्टिकमुळं घाम वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही, आणि शरीराचं तापमान चढत जातं. उष्माघातानं धडधाकट मल्लांचे जीव गेलेले आहेत. चालणाऱ्या माणसानं हे कधीच करू नये, आणि पोरांनाही वजनगट जमत नसेल तर वरचा गट घ्यायला सांगा.

एकादशीचं असं: दिवसभर कमी खाल्लं की यकृतातलं ग्लायकोजेन वापरलं जातं, त्याचं पाणी लघवीवाटे जातं, आतडंही हलकं असतं. म्हणून बारशीच्या सकाळी किलोभर कमी. पारणं झालं की दोन दिवसांत भरून येतं. साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याचे लाडू खाऊन केलेल्या उपासात तर कॅलरी नेहमीपेक्षा जास्तही होतात. उपास श्रद्धेनं करा, पण द्वादशीचा आकडा वहीत धरू नका.

डॉक्टरीण_खानापूर

वहिनींबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. त्यांना सोडू देऊ नका.

पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस आणि पाळीचा पहिला-दुसरा दिवस, या काळात अर्धा ते दोन किलो पाणी अंगात साठणं नेहमीचं आहे. पाळी सुरू झाल्यावर ते उतरतं. पुरुषाला या सोमवारची तुलना मागच्या सोमवारशी करता येते, बाईनं तशी केली तर फसगत होते. तिनं तुलना करायची ती पाळीच्या त्याच दिवसाची: या पाळीच्या सातव्या दिवसाचा आकडा मागच्या पाळीच्या सातव्या दिवसाशी. म्हणजे पहिली खरी तुलना व्यायाम सुरू करून महिना उलटल्यावरच होते. वहिनींच्या वहीत आकड्यापुढं पाळीचा दिवस लिहायला सांगा. व्यायामाची सुरुवात आणि पाळीआधीचे दिवस एकत्र आले असतील तर १.१ किलो अजिबात जास्त नाही. बाळंतपण होऊन वर्ष झालं नसेल किंवा पाळी जायचं वय असेल तर वेगळं लिहा, तिथं गणित बदलतं.

आता दोघांसाठी, कुठल्या वाढीला ‘पाणी आहे, जाईल’ म्हणायचं नाही ते. नडगीच्या हाडावर, घोट्याच्या चार बोटं वर, अंगठा दहा सेकंद दाबून धरा. उचलल्यावर खड्डा तसाच राहिला तर ती व्यायामाची सूज नाही. व्यायामाची सूज स्नायूत असते, दाबल्यावर दुखते पण खड्डा पडत नाही. खड्डा पडतो आणि वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोंनी वाढलंय, चालताना पूर्वी नव्हती अशी धाप, रात्री उताणं झोपवत नाही, असं असेल तर त्याच दिवशी दाखवा. हृदय, मूत्रपिंड, यकृत बघावं लागतं. एकाच पोटरीला सूज, दुखणं आणि गरमपणा असेल तरी थांबायचं नाही, त्यात रक्ताची गाठ असू शकते.

औषधांनीही होतं. ब्लडप्रेशरच्या ॲम्लोडिपिननं घोटे सुजतात. मधुमेहातल्या पायोग्लिटाझोननं पाणी साठतं. प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडनं भूकही वाढते आणि पाणीही. गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका, पाकीट घेऊन डॉक्टरांकडं जा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असणाऱ्यांनी नव्यानं सकाळी उपाशी चालायला सुरुवात करण्याआधी डोसबद्दल विचारलंच पाहिजे. साखर एकदम उतरून हातपाय थरथरतात, घाम फुटतो. खिशात चार चमचे साखरेची पुडी असू द्या.

महिनाभर सगळं नीट करूनही वाढच होत असेल, सोबत थकवा, थंडी सोसत नाही, केस गळतात, बद्धकोष्ठ, तर थायरॉइडची टीएसएच तपासणी करून घ्या.

फिजिओ_अनगोळ

आता वही कशी ठेवायची ते. सकाळी उठल्यावर, शौच-लघवी उरकून, पाणी किंवा चहा घेण्याआधी, कमीत कमी आणि रोज सारख्याच कपड्यांत, त्याच फरशीवर. दोन पेले पाणी प्यायलात की अर्धा किलो तिथंच चढला, म्हणून क्रम चुकवायचा नाही. रोज लिहा, पण रोज मत बनवू नका. रविवारी सात आकड्यांची बेरीज करून सातानं भागा. तो एकच आकडा मागच्या रविवारशी ताडून बघायचा.

दर रविवारी कंबर. शिंप्याची टेप, खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचं टोक यांच्या बरोबर मधोमध, सहज श्वास सोडून, पोट न ओढता. टेप मागच्या बाजूला खाली घसरते, आरशात बघा किंवा वहिनींना बघायला सांगा. आपल्या लोकांत पुरुषाची ९० आणि बाईची ८० सेंटीमीटरच्या आत असावी. वजन जागचं न हलता कंबर उतरली तरी चरबी उतरतेय.

चालण्याकडून किती अपेक्षा ठेवायची तेही सांगतो, कारण निराशा बहुतेक वेळा तिथून येते. तुमच्या वजनाच्या माणसानं ४५ मिनिटं भरभर चालल्यावर, बसून राहण्यापेक्षा दोनशेच्या आसपास जादा कॅलरी जातात. तेवढ्या दीड चमचा तेलात परत येतात (मोठा चमचा, १५ मिलिलिटरचा). दोन चमचे साखरेचा, दुधाचा चहा ७० ते ८० कॅलरींचा. चालून झाल्यावर मैदानाबाहेर एक चहा आणि प्लेटभर इडली-वडा झाला की सकाळ फिटली. कुंदा तर खवा आणि साखरच. तो सणाला, चमचाभर.

जेवण अजून कमी करू नका. भाकऱ्या दोनच राहू द्या, पण घट्ट आमटी किंवा उसळीची वाटी दुप्पट करा. प्रथिनं वजनाच्या दर किलोला किमान ०.८३ ग्रॅम धरली तर तुम्हाला सत्तरेक ग्रॅम लागतात, आणि भाकरी-भाजीवर ती भरत नाहीत. तेल महिन्याला माणशी किती जातं ते मोजा. पाच जणांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल तर माणशी दिवसाला ३३ मिलिलिटर झालं, पावणेतीनशे कॅलरी. तो डबा चाळीस दिवस पुरवा.

दोन आठवड्यांचे आकडे इथं टाका.

शहापूर_पहाट

दोन आठवडे झाले. फरशीवरच्या, सकाळच्या नोंदी, सोमवार ते रविवार.

पहिला आठवडा: ८३.६, ८३.९, ८३.२, ८३.४, ८४.०, ८३.३, ८३.१. सरासरी ८३.५.
दुसरा आठवडा: ८२.९, ८३.२, ८२.७, ८२.८, ८३.५, ८२.६, ८२.७. सरासरी ८२.९.

कंबर ९८ होती, आता ९६.५. मिठाची वाटी सुरू केली. पहिल्या दिवशी दुपारी दोनलाच संपली. बायकोच्या वहीत पाळीचा दिवस लिहितोय. तिसऱ्या दिवसापासून तिचं उतरायला लागलं, ती आता माझ्याआधी बूट घालून दारात उभी असते.

एकच शंका. दोन्ही आठवड्यांत शुक्रवारी आकडा अर्धा किलोनं उडी मारतो, हे काय?

फिजिओ_अनगोळ

आठवड्याला सहाशे ग्रॅम, अगदी हवं तसं. यातला थोडा भाग अजून मांड्यांतून निघणारं पाणी आहे. पुढच्या आठवड्यांत तीनशे-चारशेवर आलं तर दचकू नका. चरबी उतरण्याचा खरा वेग तोच.

शुक्रवारचं कारण बुधवारच्या बैठकांत असू शकतं, ४८ तासांनी सूज चढते. पण मग सोमवारच्या बैठकांची उडी बुधवारी दिसायला हवी होती, आणि तुमचे दोन्ही बुधवार खालीच आहेत. गुरुवारी रात्री काय जेवता?

शहापूर_पहाट

गुरुवारी दत्ताच्या देवळात जातो. येताना मिसळ, वर कट जादा मागून घेतो. आणि घरी ताटात लोणचं असतंच.

निपाणीची_अक्का

सापडलं की! कटात मसाला आणि मीठ दोन्ही तिखटासारखंच भरलेलं असतं, वर फरसाण आणि दोन पाव, तेही खारेच. मिसळ सोडू नका. कट एकदाच घ्या, त्या रात्री लोणचं-पापड ताटात नको, ताक बिनमिठाचं. शुक्रवारच्या आकड्यापुढं वहीत ‘मिसळ’ लिहा आणि सरासरीत तो तसाच धरा, वगळायचा नाही. वगळायला लागलं की मग रविवारचाही वगळावासा वाटतो.

फिजिओ_अनगोळ

आणि पुढं जेव्हा बैठका वाढवाल, डंबेल साडेसातचे घ्याल, किंवा पावसाळ्यात मैदान चिखलानं बंद झालं म्हणून घरात दोरीवरच्या उड्या सुरू कराल, तेव्हा परत आठ-दहा दिवस चार-पाचशे ग्रॅम चढेल. त्या तारखेला वहीत आडवी रेघ मारून नवीन काय सुरू केलं ते लिहून ठेवा, आणि रेघेनंतरचे दोन रविवार जाऊ देऊन मग सरासरी बघा. दोरीच्या उड्या पहिल्या आठवड्यात ३० सेकंदांच्या सहा फेऱ्या, मध्ये मिनिटभर विश्रांती, आणि फरशीवर अनवाणी नको. तुमच्या वजनाला पोटऱ्या आणि टाचा आधी बोलतात.

डॉक्टरीण_खानापूर

वहिनींना सांगा, पुढच्या पाळीच्या सातव्या दिवशी सकाळी वजन आणि कंबर दोन्ही घ्यायची आणि इथं टाकायची. तोवर त्यांच्या वहीची सरासरी काढू नका.